निळ्या मडक्यातली आंबील

येळवस चार दिवसांवर आली की बेंबळीत आमच्या अंगणात पाय ठेवायला जागा उरत नाही. आव्यातून, म्हणजे भट्टीतून, निघालेली बिंदगी, आंबिलीची छोटी मडकी, ओळीनं मांडलेली असतात. शेजारी काव आणि चुना कालवलेल्या दोन वाट्या असतात. मधे अण्णा, म्हणजे माझे वडील, काडीला कापूस गुंडाळून एकेका बिंदग्याच्या गळ्याभोवती पांढरी रेघ ओढत असतात. त्यांचा हात हलत नाही, खालून मडकंच फिरतं. यंदाही तसंच चाललंय. कॉलेजला सुट्टी आहे, म्हणून मी रोज सकाळी त्यांच्याजवळ बसते. रंगवलेलं बिंदगं उचलून उन्हात ठेवते आणि ठेवण्याआधी एकदा आत डोकावते. आत नुसती भाजकी माती असते. लाल, कोरडी, बोट लावलं तर बोटाला ओढणारी. तरीही मी डोकावते.

परवा अण्णांनी विचारलं, "आत काय हरवलंय गं तुझं?"

"काय न्हाय," मी म्हणाले आणि पुढचं बिंदगं उचललं. मागच्या वर्षापासून हे डोकावणं असं चाललंय.

धाराशिव-लातूरकडच्या माणसाला येळवस सांगावी लागत नाही. पंचांगात तिला वेळ अमावस्या म्हणतात. ऐन थंडीत, ज्वारी पोटरीत आलेली आणि हरभऱ्याला घाटे लागलेले असताना सगळं गाव घराला कुलूप लावून शेतात जेवायला जातं. कडब्याची छोटी कोप, म्हणजे खोपी, करतात, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडून त्यांना पांडव म्हणतात. पालेभाजी-वाटाण्याची भज्जी, ज्वारीच्या पिठाचे उंडे, खीर असते. आणि आंबील असते, ताकात ज्वारीचं पीठ घालून दोन दिवस आंबवलेली, लसूण-मिरची लावलेली. ती मातीच्या बिंदग्यात घालून डोक्यावरून शेतात नेतात. त्या दिवशी रस्त्यानं जाणाऱ्या माणसाला जेवल्याशिवाय पुढं जाऊ देत नाहीत.

आम्हाला शेत नाही. आमच्याकडं फक्त बिंदगी. त्यामुळं येळवशीला आम्हाला साऱ्या शिवारातून बोलावणं असतं. लहानपणी एका दिवसात मी सात शेतांत जेवलेली आहे. "कुंभाराची पोरगी आली, वाढा गं तिला," असं कुणीतरी ओरडायचं आणि माझ्या हातात द्रोण यायचा. मला ते आवडायचं. पण थोडी मोठी झाल्यावर असंही वाटायला लागलं की आपण नेहमी जेवणारेच. आपण कुणाला बोलावून वाढलंय, असं एकदाही झालं नाही.

हे सांगायचं कारण पुढं येईल.

मागच्या वर्षी चार महिने मी पोलंडमध्ये होते. आमच्या घरात बारावीच्या पुढं गेलेली मी पहिली. पुण्याच्या कॉलेजात मातीकामाचं शिक्षण घेते, तिथून एका शिष्यवृत्तीवर दोघींची निवड झाली. दुसरीच्या घरून परवानगी मिळाली नाही, म्हणून मी एकटी गेले. त्या चार महिन्यांचं लोक मला विचारतात, तेव्हा मी बर्फाबद्दल सांगते. खरं म्हणजे मला सगळ्यात जास्त भीती आठवते. विमानतळावर आपोआप उघडणाऱ्या दाराची भीती. दुकानात पाव कापायच्या यंत्राची भीती, म्हणून पहिले पंधरा दिवस मी अख्खा पाव आणून हातानं तोडून खाल्ला. दुपारी चारलाच अंधार पडायचा, त्याचीही भीती. आणि सगळ्यात मोठी भीती, कुणीतरी आपल्याला काहीतरी विचारेल आणि आपल्याला ते कळणार नाही.

या भीतीवर माझ्याकडं शाळेपासूनचा एक उपाय होता. मान हलवायची. गावच्या शाळेत ज्यानं "कळलं नाही" म्हटलं त्याला सगळा वर्ग हसायचा. पुण्यात कॉलेजचं शिकवणं इंग्रजीतून होतं, तिथं तर मी पहिलं वर्ष मान हलवूनच काढलं. समजलं? हो. काही शंका? नाही. मान हलवली की विचारणारा माणूस पुढच्या बाकावर जातो. मग वसतिगृहावर येऊन, शब्दकोश घेऊन, जमेल तसं समजून घ्यायचं. बहुतेक वेळा जमायचंही.

तिकडं आमच्या कार्यशाळेच्या प्रमुख होत्या हालिनाबाई. साठीच्या, उंच, आवाज खणखणीत. तिकडं बाईमाणसाला आदरानं 'पानी' म्हणतात, म्हणून सगळे त्यांना पानी हालिना म्हणायचे. फोनवर हे ऐकून माय म्हणाली होती, "बाईला पानी म्हणत्यात? मग तहान लागल्यावर काय मागत्यात?" त्या दिवशी मी पहिल्यांदा तिकडं हसले.

पहिल्याच आठवड्यात हालिनाबाईंनी आम्हा आठ जणांना ग्लेजच्या खोलीत नेलं. ग्लेज म्हणजे मडक्यावर काचेसारखा थर देणारं पातळ मिश्रण. भिंतीला लागून वीसेक बादल्या होत्या, काहींवर हिरवी पट्टी, काहींवर लाल. बाई बराच वेळ बोलल्या. त्यांच्या इंग्रजीला पोलिश वळण, माझ्या इंग्रजीला बेंबळीचं. लाल पट्टीच्या बादलीवर हात ठेवून त्या दोनदा काहीतरी ठासून म्हणाल्या. मला वाटलं, लाल म्हणजे जास्त आच लागणारं. शेवटी त्यांनी एकेकाच्या तोंडाकडं पाहिलं. माझ्याकडं पाहिलं तेव्हा मी मान हलवली.

अगाता त्याच आठ जणांतली. कार्यशाळा होती त्याच गावची, तिशी ओलांडलेली. पाच महिन्यांची गरोदर होती, तरी चाकावर बसायची. पोट आड येतं म्हणून तिरकी बसायची आणि तिचं भांडंही तिरकं व्हायचं. "बाळ ढकलतंय," म्हणायची. जेवणाची खोली वेगळी होती. तिथं एका लांब टेबलावर आम्ही डबे उघडायचो. पहिले काही दिवस मी माझा डबा झाकण अर्धं उघडं ठेवून खायचे. चपाती आणि शेंगाची चटणी. एक दिवस अगातानं सरळ वाकून आत पाहिलं.

"ही लाल माती खातेस तू?"

"चटणी आहे. तिखट आहे, नको घेऊ."

नको म्हटल्यावर तिनं बोट घातलंच. कान लाल झाले, डोळ्यांतून पाणी आलं. माझी खोलीसोबतीण नीनो, जॉर्जियाची, टेबलावर डोकं ठेवून हसत होती. अगातानं नाक पुसलं आणि पुन्हा बोट घातलं. मग स्वतःचा डबा माझ्याकडं सरकवला. त्यात उकडलेल्या करंज्या होत्या, आत बटाटा आणि पनीरसारखं काहीतरी. जेवायच्या आधी ते लोक "स्माच्नेगो" म्हणतात, म्हणजे गोड लागो. तिनं ते मला तीनदा म्हणायला लावलं आणि मगच खाऊ दिलं.

त्या दिवसानंतर डबे मधे यायला लागले. नीनो अक्रोडाची चटणी करायची, ती आणि आमची शेंगाची चटणी मावसबहिणी वाटायच्या. अगाता बिटाचं सार आणायची. मला कुठल्याही गोष्टीची भीती वाटली की मी अगाताच्या शेजारी बसायचे. ती काही विचारायची नाही, माझ्यापुढं पावाचा तुकडा ठेवायची. माझा विश्वास बसायला लागला होता की भीती ही भुकेसारखीच असते, खाल्लं की थोडा वेळ जाते.

डिसेंबर लागला आणि मला येळवस आठवायला लागली. म्हटलं, इथं आपण करू. इथं आपणच बोलवायचं, आपणच वाढायचं. घरून आणलेलं ज्वारीचं पीठ दोन किलो शिल्लक होतं. ताक तिकडं दुकानात मिळतं. अण्णांना फोन केला तेव्हा ते म्हणाले, "आंबील मातीतच घाल बरं का. स्टीलात तिला चव न्हाय."

मग मी बिंदगं केलं. चाकावर नाही. आमच्यात बाया चाकावर बसत नाहीत, मायनं आयुष्यभर थापटून मडकी वाढवली. आतून दगडी गोळा धरायचा, बाहेरून लाकडी थापटणं मारायचं. तिथं दगड नदीवर मिळाला आणि थापटणं म्हणून मी स्वयंपाकघरातला लाकडी डाव घेतला. सगळे आपापली चाकं थांबवून बघत होते. हालिनाबाई मागं येऊन उभ्या राहिल्या आणि जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. इतकी वर्षं मला वाटायचं की मी घरून काहीच शिकून आलेले नाही.

बिंदगं चांगलं झालं होतं, म्हणून ते आणखी चांगलं करायची मला हाव सुटली. ग्लेजच्या खोलीत नमुन्याच्या फरशा टांगलेल्या होत्या. त्यातला एक निळा मला आल्यापासून आवडायचा. जवसाच्या फुलाचा निळा. आमच्याकडं येळवशीच्या दिवसांत जवस फुललेलं असतं, तसा. बादलीवर लाल पट्टी होती, तिच्यावर पोलिशमध्ये काहीतरी लिहिलेलंही होतं. त्या वेळी खोलीत आणखी दोघं होते. विचारावं असं एकदा मनात आलं. मग वाटलं, पहिल्या आठवड्यात सांगून झालेलं आता काय विचारायचं. मी बिंदगं आतून-बाहेरून त्या निळ्यात बुडवलं.

अण्णा आत्ता समोर बसून रेघा ओढतायत. काव बाहेर, चुना बाहेर. आत त्यांच्या हातातली काडी कधीही जात नाही.

येळवशीला तिकडं सुट्टी होती आणि हालिनाबाई परगावी गेल्या होत्या. कार्यशाळेच्या मागं सफरचंदाची बाग होती, एकही पान नसलेली. जमिनीवर दव गोठून पांढरं झालेलं. मडकी बांधायच्या गवताची मी वीतभर कोप केली, पाच दगड मांडले. अगाता कोट घालून उकिडवी बसायचा प्रयत्न करत होती.

"हे कोण?"

"पाच भाऊ."

"लग्न झालेले?"

"पाचही जणांची एकच बायको."

"बिचारी," अगाता म्हणाली, "पाच जणांचा स्वयंपाक!"

घोंगडीसारखी एक जाड चादर अंथरून आम्ही आठही जण बसलो. वाटाणे, पालक आणि बेसनाची भज्जी केली होती, ज्वारीचे उंडे केले होते. दोन दिवस त्या निळ्या बिंदग्यात आंबलेली आंबील मी पळीनं वाटीत घालून एकेकाला दिली. "आणखी घ्या," "पोटभर घ्या," असं मराठीतच म्हणत होते. माझा आवाज मला आमच्या गावातल्या बायांसारखा वाटला. आंबिलीला कडेनं हिरवट झाक आली होती. मला वाटलं, कोथिंबिरीचा रंग उतरला. नीनो म्हणाली, "नाणं तोंडात धरल्यासारखं लागतंय." मला वाटलं, तिला आंबटाची सवय नाही. अगाताला तर फार आवडली. तिनं तीन वाट्या घेतल्या. तिसरी वाटी देताना मी तिच्या पोटाकडं बघून म्हणाले, "ही त्याची."

ते वाक्य मी पुढं किती वेळा आठवलं असेल, सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अगाता आली नव्हती. मी थापटणं धूत होते, तेवढ्यात हालिनाबाई भट्टीची वही घेऊन आल्या. कुणी काय भाजलं, कोणतं ग्लेज लावलं, हे त्या वहीत लिहायचं असतं. मी प्रामाणिकपणे लिहिलं होतं.

"हे निळं तू घेतलंस?"

"हो."

"आतूनही?"

"हो."

"त्यात खायचं काही ठेवलं नाहीस ना?"

त्यांचा चेहरा बदललेला मी पाहिला होता. "नाही," मी म्हणाले. इतक्या चटकन म्हणाले की ते मी म्हणाले असंही मला वाटलं नाही. मानच बोलली.

बाईंनी श्वास सोडला. "बरं झालं. त्यात बेरियम असतं, तांबं असतं. शोभेच्या वस्तूला चालतं. खायला नाही. आणि आंबट तर अजिबात नाही, आंबटानं ते सुटून येतं. पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं ना?"

मी मान हलवली. त्या गेल्या.

कुंभाराच्या घरात मी जन्मले. आमच्याकडं मडक्यात पाणी असतं, दही असतं, लोणचं असतं. मडकं फुटतं, गळतं, काळं पडतं. मडक्यातून विष येतं, ही गोष्ट माझ्या डोक्यात शिरायलाच जागा नव्हती. ती शिरली तेव्हा मी जेवणाच्या खोलीत होते आणि माझ्यासमोर खिडकीत ते बिंदगं ताटलीनं झाकून ठेवलेलं होतं. आत निम्म्याहून जास्त आंबील उरली होती.

यापुढचं मी वर्षभर कुणालाही सांगितलं नाही. मी बिंदगं उचललं आणि मोरीच्या भांड्यात ओतायला लागले. पाण्याचा नळ पूर्ण सोडला होता. पांढरी धार आणि कडेला ती हिरवट झाक, दोन्ही वाहून जात होतं. मला एवढंच कळत होतं की हे इथं दिसता कामा नये. अर्धी ओतली आणि हात थांबला. मला सद्बुद्धी आली असं लिहायला आवडलं असतं. पण खरं म्हणजे येळवशीची आंबील ओतून द्यायची माझ्या हाताला सवय नव्हती. आमच्याकडं ती शेताच्या कडेनं शिंपडतात, शेजारी देतात, जनावराला देतात. मोरीत कुणी ओतत नाही. हात तेवढ्यानं थांबला. मी नळ बंद केला आणि बराच वेळ तिथंच फरशीवर बसून राहिले.

मी बाहेर येऊन अण्णांना फोन लावला. इथं तेव्हा दुपार होती, मागं कुणीतरी मडक्याचा दर करत होतं.

"अण्णा, मडक्यातनं विषबाधा व्हती का?"

"काय म्हणतीस?"

मी सगळं सांगितलं. मोरीतलं सोडून.

"मातीत इख कुठलं गं?"

"माती न्हाय अण्णा, वरचा रंग. निळा."

"वरनं लावलेला रंग आत कसा जाईल?"

"आतनं पण लावला."

"आतनं कुणी रंगवतं व्हय?" ते म्हणाले. रागानं नाही, खरंच न कळून. मग विचारलं, "कुणी कुणी पेलं?"

"सगळ्यांनी. अगातानं तीन वाट्या. ती... ती पोटुशी हाय."

"तिला सांगितलंस?"

"न्हाय अजून."

"मग माझ्याशी काय बोलत बसलीस? फोन ठेव." आणि त्यांनीच ठेवला.

तोवर दुपार झाली होती. हालिनाबाई वर्गात बोलत होत्या. सगळ्यांसमोर मी उभी राहिले आणि म्हणाले, "मी सकाळी खोटं बोलले." माझं इंग्रजी त्या दिवशी कुठं अडखळलं नाही. बाईंच्या हातातला खडू खाली पडला. त्यांनी लगेच फोन उचलला. अगाता फोन घेईना. एकदा, दोनदा, पाचदा. मी बाईंच्या अंगठ्याकडं बघत होते. सहाव्यांदा तिनं घेतला. सकाळपासून तिला उलट्या होत होत्या. नवरा कामावर गेलेला, घरी ती एकटीच होती.

त्यानंतर आम्हा सगळ्यांनाच दवाखान्यात नेलं. रक्त घेतलं. उरलेली आंबील बाटलीत भरून तपासायला गेली. बाटलीवर माझं नाव लिहिलेलं होतं. अगाताला दाखल करून घेतलं. बाळाचे ठोके नीट आहेत असं नीनोनं कुठूनतरी ऐकून आणलं, पण तिच्याकडं बघून कळत होतं की ती ते मला बरं वाटावं म्हणूनही म्हणत असेल.

निकाल यायला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत जेवणाच्या टेबलावर डबे मधे आले नाहीत. कुणी मला टाकून बोललं नाही. सगळे आपापला डबा आपल्यापुढं ओढून खायचे, एवढंच. मी उपाशी राहायचे. नीनोनं एकदा अक्रोडाची चटणी माझ्याकडं सरकवली. मी चमचा घेतला आणि तो तसाच धरून बसले. मला वाटत होतं की आता माझ्या हातून दुसऱ्याच्या ताटात काही जाऊ नये. माझ्या हातून पोटात गेलेलं ते एक बाळ आत कुठंतरी सोसत असेल, हा विचार आला की मी उठून खोलीबाहेर जायचे. चाकावर बसायला बाईंनी सांगितलं होतं. माती मधोमध बसायचीच नाही.

चौथ्या दिवशी बाईंनी बोलावलं. आंबिलीत तांबं खूप सुटलं होतं, बेरियमही होतं. रोज प्यायली असती तर वाईट झालं असतं, एका दिवसानं तसं झालेलं नाही. अगाताचं रक्त ठीक होतं. "तरी बाळ होईपर्यंत डॉक्टर लक्ष ठेवतील," बाई म्हणाल्या. मग पहिल्यांदा माझ्यावर ओरडल्या. "न कळणं चालतं. मी त्यासाठीच इथं आहे. पण तू मान का हलवलीस?" तेव्हाही माझी मान हलायला निघाली होती. मी ती धरून ठेवली.

अगाता आठवड्यानं आली, तिचं सामान न्यायला. डॉक्टरांनी धुळीत जायला मनाई केली होती. मी तिचा हत्यारांचा डबा बांधून दिला.

"मडक्याचं मी काही म्हणणार नाही," ती म्हणाली. "तुला माहीत नव्हतं. पण सकाळी हालिनानं विचारलं तेव्हापासून तुला माहीत होतं. तेव्हापासून दुपारपर्यंत मी बाथरूमच्या फरशीवर बसले होते आणि मला का होतंय ते कळत नव्हतं. ते तास मला हवे होते."

मी "माफ कर" म्हणाले. तिनं मान हलवली. तिनं मला जवळ घ्यावं असं मला वाटत होतं. तिनं घेतलं नाही. डबा काखेत मारून ती हळूहळू जिना उतरली, कठड्याला धरून, आणि मी वर उभी राहून एकेक पायरी मोजत होते.

मोरीचं मी तेव्हाही सांगितलं नाही.

मी परत आले. इथं पाडव्याच्या सुमारास ऊन तापायला लागलं आणि माझे दिवस फोनकडं बघण्यात जायला लागले. अगाताला त्याच महिन्यातली तारीख दिलेली होती. मायला वाटायचं, पोरीचं कुणाशी काही जुळलंय. एका दुपारी फोटो आला. लालभडक, मुठी आवळलेली, रडणारी मुलगी. खाली अगातानं लिहिलं होतं, "दहा बोटं हाताची, दहा पायाची. डॉक्टरांनी सगळं पाहिलं." तिनं बोटं मोजून कळवली होती. मी तो फोटो मायला दाखवला. माय म्हणाली, "लई गोड हाय गं, पण तू रडतीस कशापायी?" तेव्हा मी मायला सांगितलं. तेही अर्धंच.

भीती संपायला हवी होती. बाळ ठीक होतं. पण ती संपली नाही, आणि का संपली नाही हे मला आतून माहीत होतं. त्या दिवशी माझा हात थांबला नसता तर तपासायला काही उरलंच नसतं. अगाताच्या पोटात काय गेलं ते कुणालाच कळलं नसतं आणि मी मात्र धुतलेलं मडकं घेऊन उभी राहिले असते. तसं झालं नाही. पण तसं करायला निघालेली मीच होते. येळवस जवळ आली तशी ती मोरीपुढं उभी असलेली मी माझ्या शेजारी येऊन बसायला लागली.

चार दिवसांपूर्वी अगाताचा मेसेज आला. "इथं खूप थंडी पडलीय. मला ते तुझं आंबट आठवतंय. कसं करायचं लिही."

मी कितीदा लिहायला घेतलं. ज्वारीचं पीठ इतकं, ताक इतकं. प्रत्येक वेळी पुसलं. शेवटी काल सकाळी अण्णांच्या शेजारी बसून मी कृती लिहिलीच नाही. दुसरंच लिहिलं. लिहिलं की त्या दिवशी खोटं बोलल्यावर मी मडकं मोरीत ओतत होते. लपवायला. अर्धं ओतलं. कुणाला माहीत नाही. आता तुला माहीत आहे. पाठवलं, आणि फोन पालथा ठेवून बिंदगी उन्हात मांडायला लागले. एक हातातून निसटलं आणि फुटलं. अण्णांनी खापऱ्या गोळा केल्या आणि दुसरं बिंदगं माझ्या हातात दिलं.

अगातानं ते वाचलं होतं, ते दिसत होतं. उत्तर आलं नाही. काल दिवसभर आलं नाही. मी ज्वारी निवडली, दळण आणलं, मायला ताक घुसळून दिलं. मला वाटलं, गेली. सांगितलं नसतं तर राहिली असती, हेही वाटलं. ते वाटल्याची लाजही वाटली.

आज दुपारी, आंबील कालवायच्या वेळी, उत्तर आलं.

"कालपासून मी चिडलेय," तिनं लिहिलं होतं. "अजून आहे. पण एक गोष्ट मोजली. अर्धी ओतलीस, म्हणजे अर्धी ठेवलीस. तीच तपासाला गेली. म्हणून मला झोप लागली." आणि मग थोड्या वेळानं, "आता लसूण किती ते सांग."

मी परातीपुढं बसलेल्या मायला विचारलं, "लसणाच्या पाकळ्या किती घालतीस?"

"मोजत्यात व्हय कुठं? मूठभर."

"कुणाची मूठ, माय? तिला कसं कळायचं? नीट सांग."

माय वैतागली, पण तिनं टोपलीत हात घालून मूठ भरली आणि माझ्यापुढं उघडली. मी एकेक पाकळी बाजूला करून मोजली. चौदा भरल्या. मग पीठ वाटीनं मोजलं, ताक पेल्यानं मोजलं, मिठाला चमचा लावला. किती वेळ आंबवायची ते लिहिलं. भांडं काचेचं घे, किंवा आतून काहीही न लावलेलं, हे दोनदा लिहिलं. सगळं लिहून झाल्यावर पुन्हा वरपासून वाचलं, आणि तरीही मला राहवेना. म्हणून शेवटी आणखी एक ओळ घातली आणि मग पाठवलं.

"यातलं काहीही कळलं नाही, तर विचार."